स्वतःचे कपडे घरी शिवायचेत? गोव्यातल्या आपल्या माणसांचे नेहमीचे प्रश्न

हे सगळं छंद म्हणून शिवणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, घरातल्या मोठ्यांची औषधं हे सांभाळून ज्यांना वाटतं की आपल्या अंगावरचा कपडा आपण शिवावा, त्यांच्यासाठी. माझं मत आधीच सांगून टाकते, रोज घालायचे कपडे आधी शिवा, समारंभाचे नंतर. खालची बरीचशी उत्तरं याच मतातून आलीयेत.

रोजच्या धावपळीत शिवणाला वेळ कुठून काढायचा?

अख्खा कपडा एका बैठकीत संपवायचा हट्ट सोडला की वेळ निघतो, खरंच. कापड धुवून इस्त्री करणं हे एक काम, मापं आणि खुणा दुसरं, बेतणं तिसरं, टिपा मारणं चौथं आणि मग तुरपाई, हुक, बटणं हे हातकाम. यातलं फक्त बेतायलाच शांत डोकं आणि मोकळी फरशी लागते, कारण चुकीची टीप उसवता येते पण कात्री चालली की चालली, म्हणून दिवसभर राबून रात्री साडेदहाला कापड बेतायला घेऊच नका. ते रविवारी सकाळी करा, घरातले उठायच्या आत किंवा दुपारी जेवणं होऊन सगळे आडवे झाले की. बाकीची कामं वीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत आरामात होतात. आज दोन्ही खांदे जोडले, उद्या गळ्याची पट्टी, परवा काहीच नाही, मग बाह्या. तुरपाई तर टीव्हीसमोर होते, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत होते.

एक सवय मात्र लावून घ्या, एका कपड्याचे सगळे बेतलेले भाग, त्याच रंगाचा दोरा, खालचा दोरा भरलेली बॉबिन आणि मापांची चिठ्ठी एकाच पिशवीत. नाहीतर मिळालेली वीस मिनिटं दोरा शोधण्यातच जातात. आणि शक्य असेल तर मशीन झाकून ठेवण्यापुरता का होईना एक कोपरा कायमचा मागून घ्या घरात, जेवणाच्या टेबलावरून दर वेळी उचलून ठेवावी लागणारी मशीन हळूहळू कपाटातच राहायला लागते.

पहिल्यांदा काय शिवू? ब्लाऊजपासून सुरुवात करू का?

नको. बहुतेक बायका ब्लाऊजच शिवायला घेतात कारण शिलाई तिथेच जास्त जाते, पण ब्लाऊज हा अंगाला चिकटून बसणारा कपडा, त्यात अंगाचा आकार देणारे टक, अस्तर, हुकपट्टी, बाही सगळंच आलं आणि पाव इंच इकडेतिकडे झालं तरी घालता येत नाही. मग माणूस नाउमेद होतो आणि मशीनवर कपड्यांचा ढीग बसतो.

आधी उशीचे अभ्रे शिवा, सरळ टीप हातात बसते. मग नाडीचा किंवा इलॅस्टिकचा पायजमा, मग बिनबाह्यांचा साधा कुर्ता किंवा घरात घालायचा गाऊन, मग बाह्यांचा कुर्ता. ब्लाऊज त्याच्यानंतर, आणि तोही आधी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा शिवून अंगात घालून बघायचा. मांजरपाट स्वस्त असतो, त्यावर पेनाने सरळ खुणा करता येतात, कुठे ओढतंय कुठे फुगतंय ते कळतं आणि उसवून तेच तुकडे कागदावर काढलेल्या नमुन्यासारखे (ड्राफ्टसारखे) जपून ठेवता येतात.

मशीन कुठली घ्यावी?

घरात आजीची किंवा आईची काळी पायाची मशीन असेल तर नवीन घेण्याआधी ती दुरुस्तीवाल्याला दाखवा. या मशीन सरळ टीप इतकी सुंदर मारतात की साध्या कॉटनच्या कपड्याला दुसरं काही लागत नाही, आणि आपल्याकडे जून-जुलैत लाइट जाते तेव्हा पायाची मशीन चालूच राहते, हा फायदा लहान नाही. गंज चढलेला असेल तर तेल सोडून एक दिवस ठेवल्यावर बरेचदा मोकळी होते. पट्टा चामड्याचा असतो, तो ढिला पडला की थोडा कापून परत हुक लावायचा.

नवीन घ्यायची असेल तर साधी झिगझॅगवाली इलेक्ट्रिक घ्या, ज्यात टिपेची लांबी कमीजास्त करता येते, उलट टीप आहे आणि काज करता येतं. उषा, सिंगर, ब्रदर सगळ्यांच्या असतात तशा. शंभर डिझाइनची एम्ब्रॉयडरी बघून भुलू नका, त्यातली चार वापरली जातात. त्यापेक्षा तुमच्या तालुक्यात दुरुस्तीला माणूस येतो का, बॉबिन आणि फूट (कापड दाबून धरणारा पाय) सहज मिळतात का हे दुकानात विचारा. काणकोणात किंवा सत्तरीत राहत असाल तर हे आधी विचारा, नंतर रंग बघा. आणि हातात धरायची ती स्टेपलरएवढी मशीन ऑनलाइन दिसते ती अजिबात घेऊ नका, तिची टीप एका टोकाला धरून ओढली तर सगळी निघून येते.

क्लास लावू की व्हिडिओ बघून शिकू?

दोन्ही चालतं. पण माप घ्यायला आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई बेतायला कुणीतरी शेजारी बसून दाखवलं तर फार फरक पडतो. गावात एखादी शिवणकाम करणारी काकी असतेच, तिच्याकडे महिनाभर दुपारी जाऊन बसा, फी विचारून द्या, फुकट शिकू नका. ज्यांना पूर्ण वेळ शिकायचंय त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग, सुईंग टेक्नॉलॉजी असे एक वर्षाचे ट्रेड असतात, जवळच्या आयटीआयत चौकशी करा, पण नोकरी करत हे जमणार नाही. व्हिडिओ बघताना एकाच माणसाची पद्धत धरा. एकीचा गळा, दुसरीचा मुंढा आणि तिसरीची बाही घेतली तर मापं जुळत नाहीत कारण प्रत्येकीचं शिवणीसाठी सोडलेलं मार्जिन वेगळं असतं.

कापड कुठून आणि किती घ्यायचं?

रोजच्या कॉटनसाठी म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा इथल्या मार्केटातली जुनी कापडाची दुकानं पुरेशी आहेत, म्हापशाला शुक्रवारी बाजार भरतो तेव्हा फिरायला मजा येते पण गर्दीत कापड नीट बघून होत नाही, शक्यतो मधल्या वारी जा. लग्नाची खरेदी करायला घरचे बेळगावला निघालेच तर सोबत जावं, तिथे निवड खूप असते. ऑनलाइन कापड घेताना फोटोला भुलण्यापेक्षा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी किती ते वाचा.

पन्हा ४४ इंच असेल तर गुडघ्यापर्यंतच्या बाह्यांच्या कुर्त्याला अडीच मीटर, परकराला सव्वादोन, अस्तराशिवाय ब्लाऊजला एक मीटर धरून चाला. ३६ इंच पन्हा असेल तर जास्त लागतं. उभे आडवे चौकडे असतील, किंवा फुलांची तोंडं एकाच बाजूला असतील तर अर्धा मीटर जास्त घ्या, जुळवण्यात तेवढं जातं.

आपल्या हवेला काय घ्यायचं याबद्दल मी ठाम आहे. मलमल, केंब्रिक, खादी, पातळ लिनन. मार्च ते मे अंगाला घाम चिकटतो त्या दिवसांत पॉलिस्टर कितीही छान दिसलं तरी दुपारी दोनला स्कूटरवर ते नकोसं होतं. ओळखायचं असेल तर दुकानदाराकडून एक धागा मागून घ्या आणि घरी जाळून बघा, कॉटन कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून टणक गोळी होते.

कापड आधी धुवायलाच पाहिजे का?

हो. कॉटन, रेयॉन, लिनन सगळं आटतं. जसं रोज धुणार आहात तसंच एकदा धुवा, वाळवा, किंचित दमट असताना उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. लाल, निळं, गडद कापड असेल तर आधी पांढरं ओलं फडकं घासून रंग लागतो का बघा.

पावसाळ्यात शिवण कसं सांभाळायचं?

इथे खूप लोकांचं शिवण थांबतं. जून ते सप्टेंबर कापड वाळत नाही, दोन दिवस दोरीवर राहिलं की कुबट वास येतो, म्हणून मी सांगते की चवथीला जे शिवायचंय त्याचं कापड मे महिन्यातच घेऊन धुवून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून ठेवा. पावसात मग फक्त बेतायचं आणि शिवायचं राहतं, आणि खरं म्हणजे बाहेर कोसळत असताना घरात बसून टिपा मारण्यासारखं सुख नाही. चवथीच्या आधी सगळे शिंपी भरलेले असतात, तीच गत ख्रिसमसच्या आधी, तेव्हा तुमच्याकडे घरचा कपडा तयार असतो.

मशीनची काळजी वेगळी घ्यावी लागते. समुद्राकाठच्या गावात खारी हवा, वरून दमटपणा, सुया आणि टाचण्या पंधरा दिवसांत डाग धरतात आणि त्या डागाने पांढरं कापड खराब होतं. सुया घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. काम झालं की बॉबिन केस काढून आतली धुळीची लव ब्रशने साफ करायची, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, मग एका चिंधीवर टीप मारून जादा तेल काढून टाकायचं. खोबरेल घालू नका, ते चिकट होऊन मशीन जाम करतं. आठ-दहा दिवस शिवणं झालं नाही तरी मशीन नुसती पाच मिनिटं फिरवा. इलेक्ट्रिक असेल तर गडगडायला लागलं की प्लग काढायचा, ते सांगायला नकोच.

पायजम्याचं माप नेमकं कसं काढायचं?

हे जरा सविस्तर सांगते कारण एकदा कळलं की घरातल्या सगळ्यांचे पायजमे शिवता येतात. तीन मापं घ्या, कंबरेपासून घोट्यापर्यंत उंची, बैठकीच्या सगळ्यात रुंद भागाचा घेर, आणि कडक खुर्चीत ताठ बसून बाजूने कंबरेपासून खुर्चीच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. हे तिसरं माप सगळ्यात महत्त्वाचं, लोक हेच घेत नाहीत आणि मग खाली बसलं की पायजमा मागून ओढला जातो. त्यात दीड ते दोन इंच ढिलाई मिळवायची.

समजा बैठक ४० इंच आणि उंची ३८. एका पायाचा भाग बाजूला शिवण न ठेवता एकसंध बेतायचा, त्याची रुंदी बैठकीच्या निम्मी म्हणजे २०, अधिक ढिलाई आणि शिवण मिळून पाच इंच, म्हणजे २५. उंचीत नाडी जाते त्या नेफ्याला दोन आणि खालच्या दुमडीला दोन मिळवा, ४२ इंच. ४४ पन्ह्यात २५ रुंदीचे दोन भाग शेजारी शेजारी बसत नाहीत, म्हणून कापड ४२ दुणे ८४ इंच लागतं, म्हणजे दोन मीटर तेरा सेंटिमीटर, तुम्ही सव्वादोन घ्या. उरलेल्या पट्टीतून खिसे निघतात. मागचा भाग कंबरेला पुढच्यापेक्षा दीडेक इंच उंच ठेवायचा आणि बैठकीची गोलाई मागे जास्त खोल. आधी प्रत्येक पाय आतून शिवायचा, मग एक पाय सुलटा करून दुसऱ्या उलट्या पायात घालायचा आणि बैठकीची पूर्ण गोलाई एका टिपेत मारायची, तिथे लगेच दुसरी टीप मारा, सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो.

आणि कुर्ता?

नीट बसणारा जुना कुर्ता घ्या. मधोमध दुमडून ब्राउन पेपरवर ठेवा, कडेने पेन्सिल फिरवा, शिवणीसाठी बाहेर एक इंच सोडा. झाला ड्राफ्ट. मापावरून काढायचा असेल तर छाती ३६ चा चौथा भाग ९, त्यात ढिलाई एक ते दीड इंच, शिवण एक इंच, म्हणजे घडीपासून ११ ते साडेअकरा इंचांवर खूण. समोरचा मुंढा पाठीच्या मुंढ्यापेक्षा अर्धा इंच जास्त कोरा, हात पुढे नेताना तिथे चुण्या पडत नाहीत. गळा मात्र नेहमी वाटतो त्यापेक्षा लहान कोरा, पट्टी लावल्यावर शिवणीत आणखी जातो.

हात वर केला की सगळा कुर्ताच वर चढतो, काय चुकतंय?

मुंढा फार खाली कोरलाय. लोकांना वाटतं मोठा मुंढा म्हणजे मोकळेपणा, पण उलटं असतं, मुंढा काखेच्या जितका जवळ तितका हात मोकळा फिरतो. काखेखाली एक इंच पुरे.

मशीन खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं करते, मशीन बिघडली का?

बहुतेक वेळा नाही. जाळं खाली दिसतं म्हणून सगळे बॉबिनशी झटापट करतात, पण चूक वरच्या दोऱ्यात असते. वरचा दोरा पूर्ण काढा, फूट वर उचला आणि मग पुन्हा ओवा. फूट खाली असताना दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही, नुसता वरून जातो. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा, पहिले तीन-चार टाके झाले की सोडा.

टाके सुटत असतील तर सुई बदला. सुई वाकडी नसली तरी बोथट होते, दोन-तीन कपडे झाले की नवीन लावावी. मलमलला ९ नंबरची, साध्या कॉटनला ११, जाड कॉटन किंवा लिननला १४, जीन्सला १६. टी-शर्टच्या कापडाला गोल टोकाची बॉलपॉइंट सुई लागते. सुईला एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्याच बाजूने ओवायचा, मशीन काळी असो की नवीन.

कड बंद करणारी इंटरलॉक मशीन नाही, आतले धागे सुटतात, काय करू?

पातळ कॉटनला फ्रेंच शिवण घाला. आधी कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून कडेपासून पाव इंचावर टीप, कड बारीक कापा, कपडा पलटून आतल्या बाजूने पुन्हा टीप, कच्ची कड आतच बंद. जाड कापडाला झिगझॅग पुरतं. गावातला पिको-फॉलवाला पण इंटरलॉक करून देतो, फक्त भाग जोडायच्या आधी न्या.

कपड्याला खिसा लावायचाच का?

लावाच! विकतच्या कुर्त्यांना खिसे नसतात किंवा त्यात मोबाइल मावत नाही, आणि स्वतः शिवायचं सगळ्यात मोठं सुख मला तरी हेच वाटतं. बाजूच्या शिवणीत खिसा बसवा, तोंड साडेसहा इंच, खोली दहा इंच, सुरुवात कंबरेच्या जरा खाली. तोंडाच्या दोन्ही टोकांना उलट टीप मारून पक्कं करा.

कुणबी साडीसारखं लाल चौकड्याचं कापड मिळालंय, त्याचा कुर्ता कसा बेतू?

आधी कौतुक, कारण हा आपल्या मातीतला कपडा. शेतात राबणाऱ्या बायकांची ही सुती साडी, खांद्यावर गाठ मारून नेसायची. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स, ज्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी ती पुन्हा लोकांपुढे आणली आणि आता त्या चौकड्याचे कुर्ते, जॅकेटं, पिशव्या सगळीकडे दिसतात. जुनी हातमागाची खरी साडी घरात असेल तर मात्र तिला कात्री लावू नका, हात जोडून सांगते, ती नेसा किंवा जपा. कापड नवीन घेतलेलं असेल तर बेता.

चौकडा दुहेरी घडीवर एकदम कापू नका. कापड एकेरी पसरून आधी समोरचा भाग कापा, मग तो तुकडा उरलेल्या कापडावर रेघेवर रेघ बसेल असा ठेवून पाठ कापा. बाजूच्या शिवणी जुळल्या पाहिजेत, खांद्यावर नाही जुळल्या तरी चालतं. शिवताना दर दोन इंचांवर रेघेच्या मधोमध टाचणी लावा नाहीतर खालचं कापड सरकत जातं आणि खाली पोचेपर्यंत अर्ध्या चौकड्याचा फरक पडतो. योक (खांद्याजवळचा वेगळा जोडलेला भाग) किंवा खिसा उरेब, म्हणजे तिरका कापलात तर जुळवायची गरजच राहत नाही आणि दिसतंही फार छान.

घरी शिवणं स्वस्त पडतं का?

पहिलं वर्ष नाही पडत. मशीन, कात्री, टेप, इस्त्रीचं टेबल, वाया गेलेलं कापड. साधा कुर्ता सेलमध्ये कधीकधी कापडाच्या किमतीतच मिळतो. बचत होते ती अस्तराच्या ब्लाऊजमध्ये, मुलींच्या फ्रॉकमध्ये, पडद्यांमध्ये, आणि घरच्या सगळ्यांचं आल्टरेशन बाहेर जायचं थांबतं त्यात. शिवाय आपल्या मापाचा कपडा जास्त वर्षं घातला जातो.

शिवता येतं कळल्यापासून शेजारणी ब्लाऊज आणून देतात, नाही कसं म्हणायचं?

"वहिनी, मी फक्त माझंच शिवते, पण तुम्ही रविवारी या, दोघी मिळून तुमचं बेतूया." याने एकतर मैत्रीण मिळते नाहीतर विषय संपतो. फॉल लावायला आणला तर लावून द्या, तेवढं चालतं.

नवऱ्याला शिकायचंय, हसतील का लोक?

बाजारातले निम्मे शिंपी पुरुषच आहेत की. शिकू दे, शर्टाची कॉलर तोच शिवेल.

गावच्या जत्रेतल्या नाटकाचे कपडे घरी शिवले तर?

जरूर, आणि ऐतिहासिक नाटक असेल तर मजा आहे. चमकणारं साटन चालेल, लांबून बघायचं असतं. मार्जिन दीड इंच सोडा कारण पुढच्या वर्षी तोच अंगरखा दुसऱ्या नटाच्या अंगावर जातो. बटणांऐवजी मोठे हुक किंवा वेल्क्रो, दोन प्रवेशांच्या मध्ये कपडा बदलायला वेळ नसतो. काखेत घामाची अस्तराची पट्टी लावा, ती काढून धुता येते.

तुकडे किती साठवायचे?

हाताच्या पंजापेक्षा मोठे तेवढेच ठेवा. लांब पट्ट्यांच्या नाड्या आणि पायपिंग, चौकोनी तुकड्यांची वाकळ, जाडसर तुकडे भांडी उतरवायच्या फडक्यांना. सुती आणि पॉलिस्टरचे तुकडे वेगळ्या पिशव्यांत ठेवा, वाकळीत मिसळले तर धुतल्यावर सुती आटतं, पॉलिस्टर तसंच राहतं आणि सगळ्या वाकळीला सुरकुत्या पडतात.